ज्याच्याजवळ मत आहे तो मतदार

चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं आणि त्या काळात सात निवडणुकांना मतदान केंद्रावर ड्यूटी केली. त्यामुळं मत, मतदार, कौल हे शब्द मला पुस्तकांत जितके भेटले त्याहून जास्त माणसांच्या तोंडून भेटले. 'शब्दांची विचारपूस' या आपल्या सदराकडं गेल्या महिन्यात नेमकी याच शब्दांबद्दल बरीच पत्रं आली. काहींना सविस्तर उत्तर दिलंय, काहींना दोन-चार ओळींत. राग नसावा.

प्रश्न (खानापूर तालुक्यातून, पहिल्यांदाच मत देणार असलेला एक विद्यार्थी): 'मतदान' हे दानच आहे का? आमचे आजोबा म्हणतात, दान दिलं की मागं वळून बघू नये. मग निवडून गेलेल्याला जाब विचारायचा नाही का?

बाळ, तुझा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. संस्कृतात 'दा' म्हणजे देणं, त्यावरून दान. कन्यादान, गोदान, अन्नदान हे शब्द आपल्या कानावर आधी पडतात, म्हणून दान म्हटलं की पुण्य आठवतं. पण आदानप्रदानात तेच दान आहे आणि अनुदानातही तेच. शाळेला अनुदान मिळालं की वर्षाअखेर पै-पैचा हिशेब द्यावा लागतो, तो मी स्वतः रात्री जागून लिहिलेला आहे. तेव्हा दिलं आणि सोडलं, असा अर्थ नुसत्या 'दान' शब्दावरून निघत नाही.

तुझं खरं उत्तर मात्र शेजारच्या शब्दात आहे. माझी मुलं वर्गात सांगायची, 'मतदान करतो तो मतदार.' दोन्ही शब्द एकाच मुळातून आले असं त्यांना वाटायचं. तसं नाही. मतदानातलं 'दान' संस्कृत, आणि मतदारातलं 'दार' फारसी. जमीनदार, दुकानदार, वतनदार, किल्लेदार यांत जे 'दार' आहे तेच हे. त्याचा अर्थ बाळगणारा, ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तो. ज्याच्याकडं जमीन तो जमीनदार, तसा ज्याच्याजवळ मत आहे तो मतदार. हिंदीत मतदाता म्हणतात, म्हणजे देणारा. आपण मराठी माणसं आणि आपले कानडी शेजारी दोघंही मतदारच म्हणतो. हिंदीवाला देण्याकडं बघतो, आपण असण्याकडं.

हे मी व्याकरणातून शिकले नाही. तालुक्यातल्या जंगलाकडच्या एका गावात शाळेच्या खोलीत केंद्र होतं. सकाळी सात वाजता दारात एक म्हातारी उभी. डोक्यावर पदर, हातात घट्ट धरलेली चिठ्ठी. आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, 'बाई, माझं मत हाय न्हवं इथं?' यादीत नाव आहे का, असं तिला विचारायचं होतं. पण तिच्या तोंडी शब्द आला तो 'माझं मत'. यादीत नाव सापडलं, मी हो म्हटलं, आणि मग ती आत आली. प्रचाराला येणारे सुद्धा असंच विचारतात बघ, 'घरात किती मतं?' गाई किती, एकर किती, तसं मतं किती. द्यायच्या आधी ते आपलं असतं आणि दिल्यावरही आपण मतदारच राहतो, पुढच्या पाच वर्षांत कुणी आपल्याला माजी मतदार म्हणत नाही. आजोबांना माझा नमस्कार सांग आणि जाब जरूर विचार.

आता मुळाचा 'मत' शब्द. संस्कृत 'मन्' म्हणजे विचार करणं. त्यावरून मन, मनन, मती आणि मत. मत म्हणजे विचार करून ठरवलेलं. इंग्रजीतला 'व्होट' लॅटिनमधून आलाय, तिथं त्याचा मूळ अर्थ नवस किंवा शपथ. 'बॅलट' म्हणजे इटालियन भाषेत छोटा गोळा, कारण व्हेनिसमध्ये गोळे टाकून मतं घ्यायचे. नवस आणि गोळा यांच्यापेक्षा आपला शब्द मला जवळचा वाटतो, कारण मनात विचार झाला आणि यंत्रावर बटण दाबलं या दोन्हीला आपल्याकडं एकच नाव आहे.

प्रश्न (शहापूर, बेळगाव, एक आई): माझी मुलगी कन्नड शाळेत शिकते. 'आधी आई नाही म्हणाली, मग तिचं मत बदललं' हे सांगताना तिनं निबंधात 'मतांतर' लिहिलं. बाईंनी लाल रेघ ओढली आणि वर्ग हसला. ती घरी येऊन रडली. चूक काय झाली?

तिला जवळ घ्या आणि सांगा की तिचं मराठी पक्कं आहे म्हणून असं झालं. मराठीत मतांतर म्हणजे मत बदलणं किंवा वेगळं मत. कन्नडमध्ये मतांतर म्हणजे धर्मांतर. तिच्या वाक्याचा कानडी अर्थ असा झाला की आईनं धर्म बदलला.

कन्नडमध्ये 'मत' म्हणजे पंथ, धर्म. निवडणुकीतलं मतही तेच. आपल्याला जे नुसतं मत म्हणायचं असतं त्याला तिथं 'अभिप्राय' म्हणतात. आपल्याकडं अभिप्राय म्हणजे वहीवर किंवा अर्जावर मारलेला शेरा. दोन्ही भाषांनी शब्द एकाच संस्कृत घरातून आणले, पण वेगवेगळ्या खोल्यांत ठेवले. जुन्या मराठीतही मत म्हणजे पंथ असा अर्थ होता, आणि 'मतमतांतरे' म्हणताना त्याची सावली अजून दिसते. तेव्हा मुलीच्या बाईंचंही चुकलं नाही. त्यांनी वर्गाला हे समजावून सांगितलं असतं तर पंधरा मिनिटांत दोन भाषांचा धडा झाला असता, एवढंच मला वाटतं.

अशीच दुसरी जोडी 'समीक्षा'. मराठीत कवितेची, कादंबरीची समीक्षा होते. कन्नडमध्ये 'समीक्षे' म्हणजे सर्वेक्षण. सरकारी सर्वेक्षणासाठी शिक्षक आमच्या गल्लीत आले होते, 'समीक्षेसाठी आलोय' म्हणाले. शेजारच्या काकूंनी मला हाक मारली, 'तुमच्याकडंच आलेत बघा, पुस्तकाचं काय तरी आहे.' मी गेले, त्यांना पाणी दिलं आणि दोघांना दोन्ही अर्थ सांगितले.

आणि मुलीला एक गंमतही सांगा. केंद्राच्या दारावर कन्नडमध्ये 'मतगट्टे' लिहिलेलं असतं. मत आणि कट्टे मिळून मतगट्टे. कट्टे म्हणजे आपला कट्टाच, देवळापुढचा, पिंपळाखालचा, ज्यावर बसून गाव गप्पा मारतं. हा शब्द मराठीनं कन्नडकडूनच घेतलाय. आपण 'मतदान केंद्र' म्हणतो, ते बरोबर आहे पण कोरडं आहे. मताचा कट्टा हा शब्द मला मनापासून आवडतो, आणि आवडला म्हणून माझं मराठीपण कमी होत नाही.

प्रश्न (निपाणी): निवडणूक हा शब्द तांदूळ निवडण्यावरूनच का?

होय. निवडणे या क्रियापदाला 'णूक' लागलं, जसं नेमणूक, वागणूक, मिरवणूक. तांदूळ निवडताना आपण खडे काढून टाकतो आणि मेथी निवडताना चांगली पानं ठेवून घेतो. दोन्ही निवडणंच. 'वेचणे' यात नुसतं गोळा करणं आहे, 'निवडणे' यात वेगळं करणं आहे. आपल्याकडच्या कन्नडमध्येही असंच आहे, 'अक्की आरिसोदु' म्हणजे तांदूळ निवडणं, आणि निवडून आलेल्याला 'आरिसी बंदा' म्हणतात. सरकारी शब्द मात्र 'चुनावणे', तो हिंदी 'चुनाव'चा नातेवाईक.

प्रश्न (हल्याळ): 'उमेदवार' आणि 'अनामत' हे शब्द कुठले?

उमेदवार फारसी, उमेद बाळगणारा. पूर्वी कचेरीत पुढंमागं नोकरी मिळेल या आशेवर बिनपगारी काम करणाऱ्याला उमेदवार म्हणत, म्हणून 'उमेदवारी करणे' म्हणजे शिकाऊपण. अनामत अरबी 'अमानत'वरून आला. विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत तर ती परत मिळत नाही. १९९६ च्या लोकसभेला आपल्या बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडं देशानं बघावं म्हणून मराठी माणसांनी ढिगानं अर्ज भरले होते. तेव्हा खुल्या गटाला अनामत ५०० रुपये होती. त्याच वर्षी कायदा बदलून ती १०,००० झाली, आणि आता लोकसभेला २५,००० आहे.

प्रश्न (खानापूर): वर्तमानपत्रं सर्वेक्षणाच्या बातमीलाही 'जनतेचा कौल' म्हणतात आणि निकालालाही. बरोबर काय?

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार, कारण यावर मी बरेच दिवस बोलू पाहत होते.

कौल हा अरबी शब्द. दिलेला शब्द, वचन. कव्वाली त्याच शब्दातून निघाली. आपल्या जुन्या कागदांत कौलनामा असतो. लढाईनं किंवा दुष्काळानं गाव ओस पडलं की सरकार रयतेला कौल द्यायचं: परत या, जमीन कसा, पहिली काही वर्षं सारा कमी घेऊ, मग हळूहळू वाढवू. त्या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. म्हणजे कौल राजा द्यायचा आणि रयत घ्यायची.

दुसरा कौल देवाचा. माझं माहेर सह्याद्रीच्या पायथ्याचं. विहीर खणायच्या आधी आजी मला घेऊन देवळात गेली होती. पुजाऱ्यानं फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या अंगावर उजवीकडं-डावीकडं चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही बसलो. देवळात समईचा उजेड, बाहेर पाऊस. आजी त्या पाकळ्यांवरची नजर काढीना. किती वेळ गेला आठवत नाही, पण उजवी पाकळी पडली तेव्हा तिनं सोडलेला श्वास मला आजही ऐकू येतो. कौल मिळाला होता.

आता 'जनतेचा कौल' या शब्दात काय झालंय बघा. पूर्वी राजा द्यायचा, देव द्यायचा आणि माणूस हात जोडून वाट बघायचा. आज देणारी जनता आहे आणि वाट बघणारे मोठे लोक आहेत. कुणीतरी पहिल्यांदा हा शब्द असा उलटा वापरला असेल, त्याला माझा दंडवत. इतका मोलाचा शब्द हजार-दोन हजार माणसांना विचारून काढलेल्या आकड्यांना लावू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे. पाकळी पडायच्या आधी कौल नसतो.

सर्वेक्षणाला आपल्याकडं नेमका शब्द आहे, 'अंदाज'. तोही फारसी, फेकणे या अर्थाच्या क्रियापदातून आलेला. तीर फेकणारा तीरंदाज, गोळा फेकणारा गोलंदाज. अंदाज म्हणजे लांबून नेम धरून फेकलेलं. लागेल किंवा चुकेल. यात सर्वेक्षण करणाऱ्यांचा अपमान नाही, चांगला तीरंदाज दहातले आठ लावतो. तेव्हा चाचणीला अंदाज म्हणा आणि निकालाला कौल.

'पाहणी'ही चालेल, पण आपल्या भागात जपून. बाहेर 'मतदारांची पाहणी' म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला पाहणी म्हटलं की तलाठ्याकडची पहाणी आठवते, नाव आणि पीक लिहिलेला जमिनीचा उतारा. आपला 'पाहणे'च तिथं कर्नाटकाच्या सरकारी कागदावर जाऊन बसलाय.

प्रश्न (कणकुंबी): माझी आत्या गोव्यात सत्तरी तालुक्यात दिलीय. तिकडं १६ जानेवारीला 'ओपिनियन पोल'ची आठवण काढतात. ओपिनियन पोल तर टीव्हीवर असतो, त्यानं राज्य कसं ठरलं?

गोंधळ तुमचा नाही, शब्दाचा आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात प्रत्यक्ष मतदान झालं. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहण्याला दोन पानं, अशा निशाण्या होत्या. विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७० मतं पडली आणि विरोधात १,७२,१९१. चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा वेगळा राहिला. त्यासाठी १९६६ साली जो कायदा झाला त्याच्या नावातच 'ओपिनियन पोल' होतं. कोकणीत त्याला 'जनमत कौल' म्हणतात. मराठीत 'सार्वमत' म्हणतात, सर्वांचं मत. हाच शब्द नेमका आहे.

इंग्रजीत 'पोल' म्हणजे मुळात डोकं. डोकी मोजणं ते पोल. आपल्याकडं हुबेहूब असेच शब्द आहेत: डोईपट्टी, दरडोई, शिरगणती. सगळी डोकी मोजली तरी पोल, आणि त्यातली थोडी निवडून विचारलं तरी पोल, म्हणून घोटाळा होतो. सार्वमतात सगळ्यांना विचारतात आणि उत्तर बहुधा बांधील असतं. टीव्हीवरच्या चाचणीत थोड्यांना विचारतात आणि उत्तर कुणालाच बांधील नसतं. केंद्रातून बाहेर पडणाऱ्याला विचारून करतात ती मतदानोत्तर चाचणी. शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत ती प्रसिद्ध करायला कायद्यानं मनाई आहे, २००९ च्या दुरुस्तीपासून.

घाटाखाली गोव्याला असं विचारलं गेलं, तेव्हा घाटावर आपण काय करत होतो? त्याच वर्षी सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आला. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा यांवरून सीमा ठरवावी, ही आपल्या मागणीची चार सूत्रं. लोकेच्छा हा शब्द मी पहिल्यांदा वडिलांच्या तोंडून ऐकला, सीमालढ्यातल्या १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला, त्यांचा हात धरून मूक फेरीत चालताना. लोकांची इच्छा, इतका साधा शब्द. गोव्याच्या आदल्या दिवसाच्या तारखेशी तो माझ्या मनात कायमचा जोडला गेलाय, कारण तिकडं लोकेच्छेची पेटी ठेवली गेली आणि आपल्या गावांत ती कधी ठेवलीच गेली नाही. कोणत्या बाजूनं काय पडलं असतं हा वेगळा विषय. विचारलं गेलं नाही, याचं दुःख मात्र खरं आहे.

प्रश्न (बेळगाव): बोटाला शाई तर जांभळी-काळी असते. आणि शाई म्हणजे काय?

शाई म्हणजे फारसी 'सियाही', काळेपणा. त्यामुळं निळी शाई, लाल शाई म्हणताना आपण मूळ अर्थ विसरलेलोच असतो. मतदानाची शाई आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात, १९६२ पासून बनते. तिच्यात चांदीचा क्षार, सिल्व्हर नायट्रेट असतो. लावताना जांभळी दिसते आणि उजेडात काळी पडते. ती डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात. तर्जनी हा शब्द 'तर्ज्' म्हणजे दटावणे यावरून आला. ज्या बोटानं आपण दटावतो त्याच बोटाला शाई लागते, हे मला शेकडो बोटं हातात धरल्यावर एका दुपारी अचानक लक्षात आलं. चुना लावून लावून पिवळं पडलेलं, विळ्यानं चिरलेलं, मेंदी लावलेलं, सगळ्या प्रकारचं बोट असतं ते.

प्रश्न (बेळगावजवळच्या एका गावातून): पूर्वी आपल्याकडं मतदान व्हायचं का?

बौद्ध भिक्षुसंघात व्हायचं. रंगवलेल्या काड्या वाटून मतं घेत. काडीला संस्कृतात शलाका म्हणतात, आपली सळी, सळई तिचीच वंशज. काड्या वाटणारा भिक्षू नि:पक्षपाती लागे, आणि गुप्त, कानात सांगून, उघड अशा तीन रीती होत्या. आजारी भिक्षूला सभेला येता आलं नाही तर तो आपली संमती दुसऱ्याबरोबर पाठवायचा, तिला पालीत 'छंद' म्हणत. आपल्या मराठीत छंद म्हणजे आवड. इच्छा हा मूळ अर्थ दोन्हीकडं टिकलाय.

प्रश्न (खानापूर तालुका, एक गृहिणी): 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण सर्वेक्षणाला लागू होते का?

अगदी तंतोतंत, फक्त म्हणीच्या आधीचं काम विसरू नका. चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात बुडाचा भात आधी शिजतो आणि वरचा कच्चा राहतो. माझी आजी लग्नाकार्याचा भात शिजवायची, ती वरचं शीत कधी काढायची नाही. डाव बुडापर्यंत घालून ढवळायची, मधलं एक शीत घ्यायची आणि दोन बोटांत चेपायची. शास्त्रवाले ज्याला यादृच्छिक नमुना म्हणतात तो म्हणजे हे ढवळणं.

१९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी एका साप्ताहिकानं सुमारे एक कोटी पत्रं पाठवली. तेवीस लाखांहून जास्त उत्तरं आली, आणि त्यावरून त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं छापलं. ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टनी जिंकली. साप्ताहिकानं नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून, म्हणजे पातेल्याच्या वरच्या थरातून. जॉर्ज गॅलप नावाच्या माणसानं त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारलं, पण सगळ्या थरांतून, आणि त्याचा अंदाज बरोबर आला.

परवा आमच्या दारात असाच एक मुलगा आला, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. सकाळी अकराची वेळ. मुलगा कारखान्यात, सून बँकेत, नात कॉलेजात. त्यानं मला सहा प्रश्न विचारले, नम्रपणे विचारले, आणि घराचं उत्तर म्हणून नोंदवून पुढच्या दाराकडं वळला. मी त्याला थांबवून सांगितलं, 'हे एकटीचं झालं बाळा. या घरात मतं चार आहेत. संध्याकाळी सातला ये, चहा पण घे.'

तो आला. चौघांनी चार वेगळी उत्तरं दिली.